टिटवीचा निवाडा

एका उघड्या माळरानावर एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. ती जमिनीवरच, खड्यांच्या आडोशाला अंडी घालते. कोणाचाही पाय सहज पडावा अशी ती जागा! तरीही ही टिटवी कोणाची भीडभाड ठेवत नसे. उन्हाळ्यात माळावर एकच डोह उरे आणि त्यावर पहिले पाणी कोणत्या कळपाने प्यायचे, हे शर्यतीने ठरे. त्या वर्षी सर्वांनी टिटवीला पंच नेमले. नियम साधा होता. बाभळीच्या बनाला वळसा घालणाऱ्या वाटेनेच धावायचे, वाट सोडायची नाही.

शर्यत सुरू झाली. चिंकारा सर्वांत पुढे होता, त्याच्या मागे ससा आणि सशाच्या मागे काळवीट. टिटवी वरून उडत सारे पाहत होती. वळणावर ससा ठेचकाळून पडला. तो खुरांखाली सापडणार, इतक्यात काळविटाने बाजूला उंच उडी घेतली आणि ते बनातून थेट पलीकडे निघाले. पाहते तो काय, चिंकारा मागे आणि आपण पुढे!

"याला शर्यतीतून बाद करा! याने वाट सोडली," चिंकारा ओरडला. काळविटांच्या कळपातला म्हातारा नर गुरगुरला, "त्याने सशाचा जीव वाचवला. त्याला कसली शिक्षा? आणि टिटवीबाई, तुझी अंडी आमच्या चरायच्या वाटेवर आहेत, विसरू नकोस." टिटवीने एकदा अंड्यांच्या दिशेने पाहिले. पण ती काळविटासमोर उतरली आणि म्हणाली, "तू वाट सोडलीस ती लबाडीने नाही. म्हणून तुला बाद करणार नाही. पण ही आघाडी तू धावून मिळवलेली नाहीस. चिंकाऱ्याला पुढे जाऊ दे आणि मग धाव." काळवीट मान खाली घालून बाजूला झाले. चिंकारा पुढे गेल्यावर ते असे काही धावले, की बघणाऱ्यांचे श्वास रोखले गेले. तरीही चिंकारा शिंगभर अंतराने जिंकला.

संतापलेला कळप टिटवीच्या अंड्यांकडे निघाला. टिटवी पंख पसरून अंड्यांवर उभी राहिली. तेवढ्यात धापा टाकत काळवीट आडवे आले. "मागे फिरा!" ते म्हणाले. "ससा पडला तेव्हा मी मागेच होतो. हिने मला तिथूनच पुन्हा धावू दिलं. कमी नाही, जास्त नाही. अंड्यांच्या भीतीने हिने आज मला जिंकवलं असतं, तर उद्या आणखी कोणाच्या भीतीने हरवलं असतं. मग धावायचं तरी कशाला?" कळप अंड्यांना लांबून वळसा घालून निघून गेला. उन्हाळाभर पहिले पाणी चिंकारे प्यायले. पुढच्या वर्षी पंच निवडायची वेळ आली, तेव्हा सर्वांआधी तोच म्हातारा नर पुढे आला आणि म्हणाला, "आमचा कळप हरला तरी चालेल, पण पंच टिटवीच हवी."

तात्पर्य : जो न्याय चुकीपेक्षा जास्त शिक्षा देत नाही आणि धमकीला भिऊन कमीही करत नाही, त्याचा मान हरलेलेसुद्धा राखतात.