इनामदारांचा मोकाट वारा

खडकमाळला ज्वारीची मळणी उरकली होती, पण वारा पडल्यामुळे भूस उडवून दाणे वेगळे करायची उपणणी अडून बसली होती. त्यात अवकाळी आभाळ भरून आलेलं. धान्य भिजलं की वर्षाची भाकरी गेली. एकदाचा डोंगराकडून वारा सुटला. तानूबाईने सूप उचललं, तोच रंगराव इनामदारांचा घोडा खळ्यात शिरला.

"डोंगर आमचा, म्हणजे त्यावरून येणारा वाराही आमचा. पाच पाट्यांमागे एक पाटी आम्हाला द्या, मगच उपणा."

खळ्यातल्या बाकीच्या बायांनी सुपं खाली ठेवली. तानूबाईने मात्र पदर खोचला.

"सरकार, माझी म्हैस तुमच्या हरभऱ्यात शिरली, तेव्हा तुम्ही तिला कोंडवाड्यात घातलंत. नुकसानही भरून घेतलंत."

"घेणारच! ज्याचं जनावर, त्याने आवरावं."

"मग गेल्या साली याच डोंगरावरून वादळ आलं, आमची उभी ज्वारी लोळवून गेलं, निम्म्या गावाची छपरं उडाली. तुमचा वारा तुम्ही असा मोकाट कसा सोडलात? आधी आमचं नुकसान भरा!"

इनामदार गडबडले. "वारा काय कुणाच्या मालकीचा असतो?"

"ऐकलंत ना गं बायांनो?" तानूबाईने भरलेलं सूप डोक्यावर उंच धरलं. "सरकार, घोडं जरा बाजूला घ्या. भूस डोळ्यांत जाईल."