चुनखडी आणि शिंपली

फार फार पूर्वी, समुद्राच्या तळाखाली खोल गाडलेली एक चुनखडी होती. तिच्या पोटात एक शिंपली रुतून बसली होती. त्या अंधारात दोघींना एकमेकींचीच सोबत.

एकदा जवळच्या भेगेतून तप्त शिलारस वर चढू लागला. धग लागताच चुनखडीचा जीव कासावीस झाला. "तू पळ गं बाई," ती शिंपलीला म्हणाली, "माझं आता काही खरं नाही."

"पळू कुठे?" शिंपली म्हणाली. "आणि तू तरी कोण? माझ्यासारख्या असंख्य शिंपल्यांचा चुराच ना?"

चुनखडीला ते पटेना. तिने शिंपलीला घट्ट आवळून धरलं. पण वरून खडकांचा भार, बाजूने आच. तिचा कण न् कण जागा सोडू लागला.

"सोड गं मला," शिंपली कळवळली. "मिसळू दे."

चुनखडीने रडत रडत पकड सैल केली.

शिलारस निवला, तेव्हा तिचा पांढराशुभ्र संगमरवर झाला होता. तिने घाबऱ्याघाबऱ्या पोटात शोधलं. शिंपलीची रेघही उरली नव्हती.

"कुठे आहेस गं?" तिने हाक मारली आणि ती चमकली. तिच्या तोंडून निघालेला आवाज शिंपलीचा होता.