लाईनचा मूळपुरुष

डोंगरांच्या बेचक्यात एक लहानसे संस्थान होते आणि तिथे नागोपंत नावाचे एक दुभाषी होते. इंग्रजी त्यांच्या जिभेवर नाचायची, आणि हे इतर कुणापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होते. दरबारात एक रीत होती. राजे मानाजीराव विडा तोंडात टाकून एखादा इंग्रजी शब्द विचारत, आणि विडा संपायच्या आत नागोपंतांनी त्याचा उलगडा करायचा. 'ठाऊक नाही' हे उत्तर त्या दरबाराने कधी ऐकलेच नव्हते.

त्या वर्षी संस्थानात रेल्वे यायची होती. जो तो 'लाईन, लाईन' करू लागला. राजांनी विडा तोंडात टाकला. "नागोपंत, ही लाईन म्हणजे काय हो?"

नागोपंत खुलले. "महाराज, रूळ म्हणजे लाईन. कागदावरची रेघ लाईन, कवितेची ओळ लाईन. शिपाई रांगेत उभे राहतात ती लाईन, ते राहतात त्या चाळीही लाईनच. गळाची दोरी लाईन. आणि माणूस ज्या धंद्यात पडला, तो धंदाही त्याची लाईन!"

"बाप रे, केवढा हा गोतावळा! मग यांचा मूळपुरुष कोण?"

नागोपंतांच्या तोंडचे पाणी पळाले. हे काही त्यांना ठाऊक नव्हते. इकडे राजांचा विडा संपत आला होता, आणि सारा दरबार त्यांच्याच तोंडाकडे बघत होता.

"महाराज, मूळपुरुष आपल्याच घरातला!" ते बोलून गेले. "आपले पणजोबा लहानोजीराव. त्यांनी भाल्याने रेघ ओढून गोऱ्या पलटणीला अडवलं होतं. गोऱ्यांना 'लहानोजी' म्हणता येईना, ते त्या रेघेला 'लाईन' म्हणू लागले."

राजांचा ऊर भरून आला. ही हकीकत शिळेवर कोरून नव्या स्टेशनाच्या दारावर बसवायचा हुकूम तिथल्या तिथे सुटला.

त्या दिवसापासून नागोपंतांचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. पाथरवटाची छिन्नी ठणठण वाजू लागली की ते घरात येत, घरात आले की पुन्हा ओसरीवर जात. पोरे शाळेत लहानोजीरावांचा धडा घोकू लागली, तेव्हा त्यांनी शाळेवरून जाणारा रस्ताच सोडला.

"अहो, भात नुसता चिवडताय का?" बायकोने विचारले.

"भूक नाही," म्हणून ते ताटावरून उठले.

शेवटी राहवेना, तेव्हा त्यांनी टांगा जोडला आणि शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांना गाठले. पाद्रीसाहेब मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "लाईनचं मूळ जवसात आहे. जवसाच्या काडीचा दोरा निघतो. लॅटिन भाषेत त्या दोऱ्याला जे नाव होतं, त्यातून हा शब्द आला. दोरा ताणला की रेघ दिसते, नाही का?"

परतीच्या वाटेवर नागोपंतांना वाटले, गप्प बसावे. राजे खूश आहेत, कुणाचे काय बिघडते? पण टांगा शिळेपाशी आला आणि तिच्यावर आपलीच थाप ठसठशीत कोरलेली दिसली. ते तडक दरबारात गेले.

"महाराज, माझं चुकलं. लहानोजीरावांची गोष्ट मी रचली. हा शब्द जवसापासून आला आहे."

दरबारात हशा पिकला. "जवसाची तर आम्ही चटणी खातो!" दिवाणजी म्हणाले. "उद्या रूळ तिळापासून आले म्हणाल!"

एकटे राजे हसले नाहीत. "नागोपंत, पणजोबांची गोष्ट सांगताना तुमचा आवाज एकदाही कापला नव्हता. आज कापतोय. मग यातली खरी कोणती धरू?"

दुसऱ्या दिवशी शिळा स्टेशनाच्या दारावर चढली. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी ती वाचून टाळ्या वाजवल्या, आणि गर्दीत नागोपंत दिसेल त्याची बाही धरून सांगत राहिले, "अहो, जवस! खरंच जवस!" लोक हसून बाही सोडवून घेत आणि गाडी बघायला पुढे जात.

तात्पर्य: ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावे, एका थापेने विश्वास उडाला की मग खरेही कुणी खरे मानत नाही.