गाडीच्या कानात कापसाचा बोळा

निंबगडच्या धारराव महाराजांनी गोजराची गाडी जप्त करायचा हुकूम सोडला, कारण तिने गाडीच्या कानात कापसाचा बोळा कोंबला होता!

आता गाडीला कान कुठून आले? ते महाराजांचंच खूळ. राज्यात त्यांनी नव्या तऱ्हेच्या गाड्या आणवल्या होत्या. दिसायला झोकदार, पण महाचोंबड्या! गाडीत कोण बसलं, कुठे उतरलं, वाटेत काय बोललं, सगळं परस्पर दरबारात पोचायचं. वर कुणी विचारलं, की गाडी खणखणीत आवाजात सांगायचीसुद्धा.

गोजराची गाडी वडापची, माणशी भाडं घेऊन गावोगाव पोचवणारी. माहेरी निघालेल्या सुना तीत बसायच्या, वाटभर सासूच्या नावाने मन मोकळं करायच्या आणि हलक्या होऊन उतरायच्या. वडापमधलं बोलणं वडापमध्येच राहायचं, अशी रीतच होती. पण एका सुनेचं बोलणं दरबारामार्गे थेट तिच्या सासूच्या कानी गेलं! तेव्हापासून गोजराच्या गाडीत कुणी बसेना. बसलंच तर मिठाची गुळणी धरून.

"काय गं," भर दरबारात महाराज गोजरावर गरजले, "आमच्या गाडीला बहिरी करतेस? कर नाही त्याला डर कशाला?"

"कर नसला तरी डर असतो की, महाराज!"

"असं? मग कर नसताना डर कसा असतो, ते आत्ता इथे दाखवून दे! पण कुणाचंही गुपित फोडायचं नाही. जमलं नाही, तर गाडी सरकारजमा!"

दरबार खो खो हसला. पाण्यात न उतरता पोहून दाखव म्हणण्यासारखंच होतं ते! गाडी गेली तर घरची चूलच विझणार होती. तिने दरबारावर नजर फिरवली. महाराजांच्या शेजारी राणीसाहेब बसल्या होत्या, त्यांच्या मागे राजवैद्य. गोजराने पदर खोचला.

"प्रधानजी, या राज्यात कुणाचं तीळभरही वाईट न केलेला माणूस कोण?"

"हा काय प्रश्न झाला? खुद्द महाराज!"

"मग महाराजांचीच गाडी बोलवा!"

गाडी डौलात दरबारात आली. गोजरा तिच्यापुढे वाकली.

"गाडीबाई, आज सकाळी महाराज कुठं गेले होते, जरा मोठ्यानं सांगा बघू!"

"आज सकाळी महाराज…" गाडीने सुरुवात केली.

"थांब!" महाराज सिंहासनावरून ताडकन उठले. "गाडीचं तोंड बंद करा! आधी बंद करा!"



"महाराज, चोरीबिरी केलीत का काय?" गोजराने हळूच विचारलं.

"छे!"

"कुणाला लुबाडलं?"

"छे, छे! काहीतरीच काय!"

"मग भ्यालात कशाला वो?"

महाराजांना घाम फुटला. ते गोजराकडे झुकून कुजबुजले, "खरं सांग, तुला कळलं कसं?"

"मला कुठं काय कळलंय, महाराज?"

"काहीच नाही? मग त्या जिलब्यांचं…"

महाराजांनी जीभ चावली. पण राणीसाहेबांचे कान गाडीपेक्षा तिखट!

"कसल्या जिलब्या?" त्या कडाडल्या. महाराजांचं गोड बंद केलेल्या राजवैद्यांनी कपाळाला हात लावला.

गोजराने हात जोडले. "राणीसाहेब, मी काही फोडलं नाही. गाडीनंबी नाही. महाराजांचं महाराजच बोलले!"

महाराज आधी लाजले, मग पोट धरधरून हसले. राज्यातल्या झाडून साऱ्या गाड्यांचे कान त्यांनी त्याच दिवशी काढायला लावले. गोजराला गाडी परत मिळाली, वर सोन्याचं कडं आणि जिलब्यांची भरलेली परात. ती परात दाराबाहेर जाईपर्यंत राणीसाहेबांनी महाराजांवरची नजर काही हलवली नाही!