दोघांनाही खूश करणारा पंच

बाबालाल अत्ताराचं दिवाळं वाजलं. वास न कळणाऱ्या नाकाने अत्तर विकायला बसल्यावर दुसरं काय होणार, असं तो स्वतःच गावभर सांगत हिंडायचा.

कोंडगडच्या राज्यात रिवाज होता, की बुडत्या पेढीने एक पंच निवडायचा. पंचाजवळ राजाची सनद हवी. काय विकायचं, काय राखायचं, कोणाला किती द्यायचं, ते त्याने ठरवायचं. पण प्रत्येक पंचाविरुद्ध दरबारात रडगाणी येत. राजा हट्टाला पेटला. बाबालालला म्हणाला, "ज्याच्यावर तूही खूश आणि तुझे सावकारही खूश, असाच पंच पुढच्या दरबारी आण. नाहीतर दुकानाचा लिलाव!"

"महाराज, लोकांना खूश करता आलं असतं, तर गिऱ्हाईक नसतं का टिकलं?" बाबालाल म्हणाला. राजा हसला नाही.

दुसऱ्याच दिवशी एक जरीपागोटेवाला दारात हजर. सगळं कर्ज फुंकरीसरशी उडवतो म्हणाला. बाबालालने सनद मागितली. ती सासुरवाडीला राहिली होती म्हणे.

"मग घेऊन या," बाबालाल म्हणाला. "बिनसनदी सल्ल्याने बुडायचं, तर मी एकटा पुरेसा आहे."

मग सनदवाले पाहिले. एक सावकारांच्याच पंगतीतला. तो अत्तर गाळायची भट्टीसुद्धा मोडीत काढायला निघाला. दुसरा बाबालालच्या बायकोचा, हमीदाचा, मावसभाऊ. त्याचं नाव काढताच सावकार उठून गेले.

शेवटी म्हातारे बहिरोपंत आले. नाव बहिरो, पण ऐकून घ्यायचे सगळं. दुकानभर फिरून त्यांनी विचारलं, चामडं कमावणाऱ्यांच्या शेजारी अत्तराचं दुसरं दुकान कोणी काढलं? बाबालालने मान खाली घालून स्वतःकडे बोट दाखवलं.

पंतांनी ते दुकान बंद करवलं, हमीदाच्या पाटल्या सोडून घरातलं किडूकमिडूक विकायला लावलं. सावकारांना सांगितलं, व्याज सोडा आणि थांबा. भट्टी राहील, ती विझली तर कोणालाच काही मिळणार नाही. बाबालालला रात्री जेवण गेलं नाही. सावकारांनाही गेलं नसावं.

दरबारात सगळे पडलेल्या चेहऱ्याने उभे राहिले. राजा कडाडला, "हे काय खूश झालेले चेहरे?"

"होय महाराज," बाबालाल म्हणाला. "माझा चेहरा पाहून सावकार खूश आहेत, आणि त्यांचा पाहून मी. दोघांना एकदम खूश करणारा पंच दुसरा सापडला नाही."

राजाने सावकारांकडे पाहिलं. त्यांतला एक ओठ दाबून हसत होता. मग मात्र राजाला हसू आवरेना. त्याने लिलाव रद्द केला, आणि राणीवशाचं वर्षाचं अत्तर बाबालालच्या भट्टीतूनच येईल असं जाहीर केलं.

बाबालाल मुजऱ्याला वाकला. तेवढ्यात मागून बहिरोपंत म्हणाले, "महाराज, पैसे आगाऊ."

राजा पुन्हा हसला, आणि खजिनदाराला थैली आणायला सांगितली.