वेगळं ताट

“मग मी आता किती दिवसांचा सोबती, बुवा?”

लहानूबुवा तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, “आधी नाक पूस.”

विश्रामनं उपरण्यानं नाक पुसलं. अख्खी पोथी तोंडपाठ असलेला, मठातला सर्वांत हुशार शिष्य तो. पण पंधरा दिवसांत त्याची पार रया गेली होती.

झालं होतं एवढंच, की मठातला स्वयंपाकी हिरामण एका संध्याकाळी गोळी घेताना सहज बोलून गेला, “ही एचआयव्हीची. बारा वर्षं झाली.”

आणि मठाचा नेम असा, की रोज दुपारी सगळ्यांनी एकाच परातीतला काला खायचा. काला कालवायचा हिरामणनं.

“सात वर्षं त्याच्या हातचं खाल्लंय मी. एकाच परातीत!”

“दवाखान्यात गेला होतास ना?”

“गेलो होतो. रक्त तपासून तिथल्या ताई म्हणाल्या, तुम्हाला काही नाही. म्हणे, हा आजार जेवणातून, शिवण्यातून होतच नाही. दूषित रक्तातून, सुईतून, निरोध न वापरता...” विश्रामनं नजर खाली वळवली. “आईकडून बाळाला... असंच काय काय. पण मशीन बिघडलेलं असणार.”

“कितीदा तपासलंस?”

“तीनदा.” तो चाचरला. “तीन दवाखान्यांत.”

“तिन्ही मशीनं बिघडली?”

बुवांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

“सात वर्षं...” विश्राम पुटपुटला. “आणि मला काहीच नाही?”

छातीवरचा धोंडा उतरावा तसा तो भिंतीला टेकला. डोळे भरून आले. मग सावरून बसत तो म्हणाला, “तरीपण बुवा, आजपासून एक ताट वेगळं मांडू या. सगळ्यांच्या भल्यासाठी.”

“मांडू या की.”

बुवा लगेच उठले. इतक्या सहज ऐकतील असं विश्रामला वाटलं नव्हतं. त्यांनी खांबापाशी ताट मांडलं, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला.

“हिरामणला मी सांगू का, इथं... आक्छी!”

बुवांनी त्याचा दंड धरला आणि त्यालाच त्या ताटावर बसवलं.

स्वयंपाकघरातून हाक आली, “विश्रामभाऊ, सर्दी झालीय ना तुम्हाला? काल्यात मिरची जरा जास्त टाकतो!”

विश्रामनं ताटाकडे पाहिलं, मग हातातल्या ओल्या उपरण्याकडे. त्याचे कान लाल झाले. आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्याला हसू फुटलं.

“परातीपाशी कधी येऊ, बुवा?”

“शिंका थांबल्या की ये. तोवर हिरामण तुझी जागा राखील.”