सुळक्यावरचा धूर

पुष्कळ जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरात रस्ते नव्हते. वाटाड्या नेईल तीच वाट.

त्या राज्यात वाटाड्या होणं सोपं नव्हतं. गुरूंनी दाखवलेल्या वाटा पाठ झाल्या, एवढ्यानं भागत नसे. शेवटी एकट्यानं रानात शिरून, आजवर कोणी न चाललेली एक वाट शोधावी लागे. तेव्हा कुठे हातात वाटाड्याची काठी येई.

एकट्यानं म्हणजे अगदी वाऱ्यावर सोडून नव्हे हं! प्रत्येक शिष्यामागे तीन पंच असत. दर बाजाराच्या दिवशी शिष्यानं असेल तिथं ओला पाला जाळून धूर करायचा. पंचांनी तो टेकडीवरून पाहायचा आणि ढोल वाजवून सांगायचं, ‘पुढे जा’ किंवा ‘थांब, आम्ही येतो.’ पद्धत चांगलीच होती. पाळणारी माणसं असतात, तिथं घोळ होतो.

एकदा एक हुशार तरुण रानात गेला. त्याचे पंच म्हणजे त्याचे गुरू, जनावरांच्या वाटा जाणणारा एक धनगर आणि पाण्याचे झरे ओळखणारी एक म्हातारी. सुरुवातीचे बाजार झकास गेले. मग तो एका सुळक्यावर चढला, पलीकडे उतरला आणि दरीत अडकला. पुढे जावं तिकडं कडा आडवा येई.

बाजाराचा दिवस आला तसा तो घाबरला. ‘दरीतून धूर निघाला तर गुरुजी म्हणतील, याला काही येत नाही!’ झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत तो धापा टाकत परत सुळक्यावर चढला आणि तिथं पाला पेटवला. टेकडीवर ढोल वाजला, ‘पुढे जा!’

शाबासकी मिळाली, पण घशाखाली उतरेना. पुढच्या बाजाराला त्यानं तेच केलं. त्याच्या पुढच्यालाही तेच. ज्याचं पाणी तो पीत होता ते दरीतलं डबकं आटत चाललं, झोप उडाली. वाट शोधायची सोडून तो दिवसभर पुढच्या धुराचीच काळजी करू लागला. सांगावं तर लाज, न सांगावं तर जीव जायची पाळी. अशी भीती फार वाईट, बाळांनो. ती माणसाला आतून पोखरते.

इकडे म्हातारीच्या मनात पाल चुकचुकली.

“गुरुजी, धूर पुन्हा सुळक्यावरच?”

“दिसतोय ना? मग झालं,” गुरू म्हणाले. त्यांना उन्हातून घरी जायची घाई होती. “पोरगं हुशार आहे. उगाच मागे लागू नये.”

“त्या सुळक्यावर पाण्याचा थेंब नाही. तिथं कोण राहील इतके दिवस? आणि आपण नुसतं ‘पुढे जा’ वाजवतोय. कुठं अडलंय का, असं कधी जाऊन विचारलंय त्याला?”

धनगर उठलाच. “चला. आत्ताच निघू.”

दरीत तो त्यांना सापडला, तापानं फणफणलेला. गुरूंना पाहताच त्यानं तोंड झाकून घेतलं.

“रागावू नका, गुरुजी. मला वाट सापडली नाही. मी खोटा धूर केला.”

“रागावणार तर आहेच मी,” म्हातारी म्हणाली. “पण आधी पाणी पी.”

गुरू त्याच्याजवळ खाली बसले. ते म्हणाले, “चूक माझीही आहे. लांबून धूर पाहिला आणि तुलाच पाहिलं असं समजलो.”

ताप उतरल्यावर सगळे त्याची वाट मागे मागे तपासत गेले. सुळक्याच्या पायथ्याशी धनगरानं भेकरांचे माग दाखवले, म्हातारीनं ओल दाखवली. तरुण एकदम थांबला. “म्हणजे सुळका चढायचाच नव्हता! इथून वळायचं होतं!” तोवरची त्याची सारी वाट बरोबर होती. पुढची त्यानंच शोधली, पण पावसानं गाठलं आणि काठी वर्षभर उशिरा मिळाली. गुरू त्यानंतर टेकडीवर बसले नाहीत. दर बाजाराला ते पायी शिष्यापर्यंत जात आणि आधी विचारत, “कुठं अडलंय?”

तेव्हा लहानमोठ्यांनो, हे ध्यानी धरा: अडलेल्यानं वेळेवर सांगावं, आणि त्याला सांगायचा धीर येईल इतक्या जवळ जाऊन गुरूनं विचारावं.